गॅमा किरणांचा स्फोट डेटामध्ये स्वतः कसा शोधायचा

गॅमा किरण स्फोट, म्हणजे अवकाशातून अचानक येणारी गॅमा किरणांची झोड, थोडक्यात जीआरबी, म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर ती रंगीत चित्रं येतात, फुटलेला तारा, दोन बाजूंना सुटलेले झोत वगैरे. पण हे स्फोट सगळ्यात जास्त पकडणाऱ्या उपकरणाला प्रत्यक्षात यातलं काहीच दिसत नाही. त्याच्या हाताला फक्त आकडे लागतात, या क्षणाला इतके फोटॉन आले, पुढच्या क्षणाला इतके. त्या आकड्यांतून स्फोट हुडकायचा असतो आणि हे काम आपण घरबसल्या करू शकतो, कारण फर्मी या नासाच्या अवकाश दुर्बिणीचा डेटा सगळ्यांना खुला आहे, पैसे लागत नाहीत, नावनोंदणी लागत नाही. मी गेली काही वर्षं फावल्या वेळात हेच करतोय आणि त्यातून एक गोष्ट पक्की कळलीय ती आधीच सांगतो. स्फोट ओळखायचा असेल तर स्फोट नसताना डिटेक्टर कसा वागतो ते आधी नीट बघा, त्याची रोजची चाल एकदा अंगवळणी पडली की मग खरा स्फोट लपत नाही.

थोडं मागे जाऊन सुरू करतो कारण या कामातली मुख्य युक्ती तिथेच सापडते. १९६३ मध्ये अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला, मग कोणी गुपचूप चाचणी करतंय का यावर लक्ष ठेवायला अमेरिकेने व्हेला नावाचे उपग्रह जोडीजोडीने सोडले. गॅमा किरण हवेतून जमिनीपर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे हे सगळं वरूनच करावं लागतं. २ जुलै १९६७ ला या उपग्रहांवर गॅमा किरणांची एक उसळी नोंदली गेली पण ती माणसाच्या नजरेस पडली १९६९ मध्ये, क्लेबेसाडेल आणि ओल्सन हे शास्त्रज्ञ वेगवेगळ्या उपग्रहांच्या नोंदी एकमेकींशी ताडून बघत होते तेव्हा. १९७३ मध्ये त्यांनी आणि स्ट्राँग यांनी मिळून अशा १६ स्फोटांवर शोधनिबंध छापला. आता यातली युक्ती काय, तर ताडून बघणं. एकाच डिटेक्टरवर उसळी आली तर ती कशाचीही असू शकते, एखादा भरकटलेला कण, इलेक्ट्रॉनिक्समधली गडबड, काहीही. तीच उसळी त्याच वेळी दुसऱ्या डिटेक्टरवरही आली तर मात्र सरसावून बसायचं. आजही सगळी यंत्रणा याच एका गोष्टीवर उभी आहे.

आता उपकरण समजून घ्या, नाहीतर फाइल उघडल्यावर काहीच कळणार नाही. फर्मी ११ जून २००८ ला अवकाशात गेली, तिच्यावर लॅट नावाची मोठी दुर्बीण आहे आणि जीबीएम नावाचं स्फोट पकडणारं उपकरण आहे, आपला संबंध जीबीएमशी. त्यात १४ डिटेक्टर आहेत. १२ सोडियम आयोडाइडचे, ते साधारण ८ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टपासून १ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत बघतात (इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणजे फोटॉनची ऊर्जा मोजायचं एकक), आणि २ बीजीओ स्फटिकाचे, ते २०० किलोपासून ४० मेगापर्यंत. सोडियम आयोडाइडचा स्फटिक ताटलीसारखा असतो, १२.७ सेंटिमीटर व्यास आणि जाडी फक्त १.२७ सेंटिमीटर. त्यावर फोटॉन आदळला की आत प्रकाशाची बारीकशी चमक होते, मागे बसवलेली फोटोमल्टिप्लायर ट्यूब ती चमक मोजते, चमक मोठी तर ऊर्जा जास्त. बस, एवढंच. भिंग नाही, आरसा नाही, त्यामुळे चित्रही नाही. हे १२ डिटेक्टर वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसवलेत, ते का ते पुढे येईल.

डेटा नासाच्या हीसार्क या संग्रहात आहे. तिथे फर्मी जीबीएमच्या स्फोटांचा कॅटलॉग उघडा. प्रत्येक स्फोटाचं नाव ठरावीक पद्धतीने असतं, आधी बीएन ही अक्षरं, मग वर्ष महिना दिवस, आणि शेवटचे तीन आकडे म्हणजे दिवसाचा हजारावा किती भाग उलटला होता ते. उदाहरणार्थ बीएन २११२११५४९ म्हणजे ११ डिसेंबर २०२१, आणि दिवसाचा ०.५४९ भाग, म्हणजे जागतिक वेळेनुसार दुपारचे साधारण १ वाजून १० मिनिटं. पहिल्यांदा करणाऱ्याने हाच स्फोट घ्यावा असं माझं मत आहे, भरपूर तेजस्वी आहे त्यामुळे काही चुकलं तरी स्फोट दिसतोच, आणि आपण बरोबर वाटेवर आहोत हे कळतं.

प्रत्येक डिटेक्टरची वेगळी फाइल असते. सोडियम आयोडाइडवाल्यांना शून्य ते नऊ आणि मग ए, बी अशी नावं आहेत. फाइलचे तीन प्रकार दिसतील पण तुम्ही टीटीई घ्या, त्यात प्रत्येक फोटॉनची वेगळी नोंद असते, तो कधी आला आणि १२८ पैकी कुठल्या ऊर्जेच्या कप्प्यात पडला, आणि वेळ २ मायक्रोसेकंदाइतक्या बारकाईने नोंदलेली असते. बाकीच्या दोन प्रकारांत फोटॉन आधीच ढिगाने मोजून ठेवलेले असतात, ते नंतर कामाला येतात.

फाइल फिट्स फॉरमॅटमध्ये असते, पायथनमधल्या ॲस्ट्रोपाय लायब्ररीने उघडते. आत घटनांचा एक तक्ता असतो ज्यात वेळ आणि चॅनेल असे दोन रकाने असतात, आणि दुसऱ्या तक्त्यात कुठला चॅनेल म्हणजे किती ऊर्जा ते दिलेलं असतं. वेळ बघून दचकू नका, कोट्यवधी सेकंदांचा आकडा दिसतो कारण फर्मीचं घड्याळ १ जानेवारी २००१ पासून सेकंद मोजतं. हेडरमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत, ट्रिगरची वेळ असते, म्हणजे यानावरच्या कॉम्प्युटरने उसळी हेरली तो क्षण, ती सगळ्या वेळांतून वजा करा म्हणजे स्फोट शून्याच्या आसपास येतो. मग ५० ते ३०० किलो इलेक्ट्रॉन व्होल्टमधले फोटॉनच ठेवा, बाकी बाजूला काढा, आणि उरलेल्यांचा हिस्टोग्राम काढा, म्हणजे वेळेचे सारखे कप्पे, ज्यांना बिन म्हणतात, पाडून प्रत्येकात किती फोटॉन आले ते मांडा, एकेका सेकंदाचे बिन घेतले तरी चालेल. झाला लाइटकर्व्ह, म्हणजे वेळेनुसार फोटॉनचा आलेख, तयार. ५० ते ३०० च का, तर त्याच्या खाली सूर्य आणि आकाशातले इतर क्ष-किरण स्रोत फार लुडबुड करतात आणि वर फोटॉनच कमी होत जातात, बहुतेक स्फोट या पट्ट्यात चांगले उठून दिसतात.

आता बॅकग्राउंड. नवीन माणसाची गाडी अडते ती इथेच, म्हणून सावकाश वाचा.

स्फोट नसतानाही डिटेक्टर दर सेकंदाला शेकडो काउंट, म्हणजे मोजलेल्या नोंदी, देत असतो, त्यालाच बॅकग्राउंड म्हणतात. आकाशातून सगळीकडून येणारं मंद गॅमा तेज, पृथ्वीच्या वातावरणातून उलट येणारे किरण, यानाच्या धातूवर कॉस्मिक किरण आदळून झालेली किरणोत्सारी मूलद्रव्यं, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं, आणि यान साधारण ५५० किलोमीटर उंचीवर दीड तासात एक फेरी मारतंय त्यामुळे हा आकडा सतत हळूहळू वरखाली होत राहतो. म्हणजे सरासरी काढून सपाट रेघ मारून भागत नाही. करायचं असं, की स्फोटाच्या आधीचा एक तुकडा आणि नंतरचा एक तुकडा घ्यायचा, समजा ट्रिगरच्या १०० सेकंद आधीपासून १० सेकंद आधीपर्यंत, आणि मग स्फोट पूर्ण शमल्यावरचे १०० एक सेकंद, आणि फक्त या दोन तुकड्यांवर साधी रेघ किंवा फार तर दुसऱ्या घाताचा वक्र बसवायचा. मग तो वक्र मधल्या भागातून ओढायचा, तिथे स्फोट नसता तर किती काउंट आले असते हे तो सांगतो.

मी सुरुवातीला काय केलं तर सगळाच्या सगळा लाइटकर्व्ह घेतला, स्फोटासकट, आणि पाचव्या घाताचा वक्र बसवला, इतका सुंदर बसला की मी खूश. पण बॅकग्राउंड वजा केल्यावर स्फोट जवळजवळ गायबच, शेपटी तर शून्याच्या खाली गेलेली. दोन संध्याकाळी मी कोडमध्ये चूक शोधत बसलो. कोड बरोबरच होता, तो पाचव्या घाताचा वक्र एवढा लवचीक होता की स्फोटाच्या अंगालाच चिकटला होता आणि स्फोटालाच बॅकग्राउंड समजून बसला होता. तेव्हापासून मी वक्र बसवला की पहिल्यांदा शांत तुकड्यातला फरक काढून बघतो, तिथे शून्याच्या वरखाली नुसती खरखर उरली पाहिजे, एका बाजूला कल दिसला तर पुढे जायचंच नाही.

ती खरखर किती असणार हे मात्र आपल्याला आधीच माहीत असतं. फोटॉन मोजताना सरासरी जेवढी, तिच्या वर्गमुळाएवढा चढउतार नैसर्गिक असतो, त्यालाच एक सिग्मा म्हणतात. समजा ५० ते ३०० च्या पट्ट्यात सेकंदाला ४०० काउंटचं बॅकग्राउंड आहे, तर वर्गमूळ २०, म्हणजे कधी ३८० कधी ४२० येणार, त्यात काहीच विशेष नाही. जीबीएमचा यानावरचा कॉम्प्युटर निदान दोन डिटेक्टरवर ४.५ सिग्माच्या आसपास उसळी दिसली की ट्रिगर करतो, म्हणजे आपल्या उदाहरणात सेकंदाला ४९० काउंट हवेत, तेही दोन ठिकाणी एकदम. तीन सिग्मावर का नाही असं कोणी विचारेल तर हिशोब करून बघा. दिवसात ८६,४०० सेकंद आहेत, तीन सिग्माच्या वर जायची शक्यता हजारात एकाहून थोडी जास्त आहे, म्हणजे एकेका डिटेक्टरवर रोज शंभराहून जास्त खोट्या उसळ्या येतील, नुसत्या योगायोगाने. ४.५ वर हेच दिवसाला एकाच्याही खाली येतं, आणि दोन डिटेक्टरची अट घातली की योगायोग जवळपास संपतोच.

आणि बिन एकाच मापाचा घेऊन थांबू नका. ६४ मिलिसेकंदांचा बिन घेतला तर त्यात बॅकग्राउंडचे जेमतेम २५ काउंट पडतात, वर्गमूळ ५, म्हणजे ट्रिगरसाठी ४८ च्या आसपास हवेत, जवळजवळ दुप्पट. उलट १६ सेकंदांचा बिन घेतला तर बॅकग्राउंड ६४००, वर्गमूळ ८०, आणि ३६० जास्तीचे काउंट पुरतात, म्हणजे सेकंदाला फक्त २२ च जास्त. पसरट मंद स्फोट असे मोठ्या बिनमध्येच सापडतात, पण तिथे बॅकग्राउंड जरासं चुकलं तरी सगळं मुसळ केरात, सेकंदाला २२ चा फरक यान थोडं वळलं तरी पडू शकतो. म्हणून १६ मिलिसेकंदांपासून दुप्पट दुप्पट करत १६ सेकंदांपर्यंत जा, सगळ्या मापांवर तपासा.

एक स्फोट मुद्दाम जवळून बघण्यासारखा आहे, बीएन १७०८१७५२९, म्हणजे १७ ऑगस्ट २०१७ चा. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची, म्हणजे कोसळलेल्या ताऱ्यांच्या अतिघन गाभ्यांची टक्कर, साधारण १३ कोटी प्रकाशवर्षं लांबच्या एनजीसी ४९९३ दीर्घिकेतली, आणि टकरीच्या गुरुत्वीय लहरी पोचल्यावर सुमारे १.७ सेकंदांनी हा स्फोट फर्मीला दिसला. इतकी मोठी घटना पण लाइटकर्व्हमध्ये अगदी साधी दिसते, पहिल्यांदा बघितल्यावर मला वाटलं मी चुकीची फाइल उतरवली. डिटेक्टर १, २ आणि ५ च्या फाइली घ्या, तिन्ही मिळवून पाव सेकंदाचे बिन घ्या. ५० ते ३०० मध्ये शून्याच्या आसपास जेमतेम अर्ध्या सेकंदाची एक टोकदार उसळी दिसेल, आणि पुढे सपाट. आता तेच १० ते ५० किलो इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये काढा, उसळीनंतर साधारण एक ते दोन सेकंदांच्या मध्ये एक बुटका फुगवटा दिसेल, तो वरच्या पट्ट्यात नव्हताच. ती त्या स्फोटाची मऊ, म्हणजे कमी ऊर्जेची, शेपटी आहे. ऊर्जेचे पट्टे वेगवेगळे काढून बघायची सवय मला या एका स्फोटाने लावली. फुगवटा नुसत्या डोळ्यांना अगदी पुसट वाटतो, त्याचं वजन बॅकग्राउंड नीट काढल्यावरच कळतं.

उसळी सापडली, सिग्मा भरपूर, दोन-तीन डिटेक्टरवर आहे, तरी लगेच जीआरबी म्हणू नका. सौर ज्वाला सगळ्यात जास्त फसवते, ती कमी ऊर्जेत जोरदार असते, सूर्याकडे तोंड असलेल्या डिटेक्टरमध्येच दिसते आणि सहसा मिनिटामिनिटांनी चढते उतरते, तेव्हा ३०० च्या वर काही आहे का ते बघा आणि सूर्याची दिशा ताडा. दक्षिण अटलांटिकवर एक भाग आहे जिथे पृथ्वीच्या चुंबकीय पट्ट्यातले कण खाली येतात, तिथून जाताना जीबीएमचे डिटेक्टर बंद ठेवतात आणि त्या भागाच्या कडेला काउंट प्रचंड चढलेले असतात, म्हणून रोजची यानाची स्थिती सांगणारी फाइलसुद्धा उतरवा आणि उसळीच्या वेळी यान कुठे होतं ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. कणांचा लोंढा आला तर तो सगळ्या डिटेक्टरना साधारण सारखाच लागतो, खरा स्फोट एका दिशेने येतो त्यामुळे काहींना जास्त काहींना कमी, हा फरक फार उपयोगाचा. एकाच डिटेक्टरवर तीक्ष्ण काटा आणि बाकी अकराही शांत, तर बहुतेक जड कॉस्मिक कण स्फटिकात घुसून स्फटिक काही वेळ चमकत राहिला असं समजा. वादळी ढगांवरूनही गॅमा किरणांची चमक वर येते, ती मिलिसेकंदात आटपते. आणि मॅग्नेटार, म्हणजे प्रचंड चुंबकीय क्षेत्र असलेले न्यूट्रॉन तारे, असतात, त्यांचे छोटे स्फोट सेकंदाच्या एखाद्या अंशाचे आणि मऊ असतात, एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा येतात, जीआरबी मात्र एकदाच होऊन जातो.

दिशा कशी कळते? स्फटिक ताटलीसारखा आहे हे वर सांगितलं, समोरून किरण आले तर पूर्ण ताटली कामाला येते, ६० अंश तिरके आले तर ढोबळमानाने निम्मीच. मग कुठल्या डिटेक्टरवर किती काउंट आले याच्या प्रमाणावरून स्रोत कुठे असेल ते काढतात. तुम्ही वहीवर काढून बघा, तीन सगळ्यात तेजस्वी डिटेक्टर घ्या, आकाशाचा ढोबळ भाग मिळतो. काही अंशांची चूक राहतेच, कारण यानावरून आणि पृथ्वीच्या हवेवरून उसळून आलेले फोटॉनही मिसळतात.

दुसरा मार्ग दोन यानांमधल्या वेळेच्या फरकाचा, आणि मला तो फार आवडतो कारण शाळेतल्या त्रिकोणमितीतच भागतो. समजा दोन यानं ६ लाख किलोमीटर लांब आहेत, प्रकाशाला मधलं अंतर कापायला २ सेकंद लागतात. स्फोट दुसऱ्या यानावर १ सेकंद उशिरा पोचला, तर एक भागिले दोन, कोसाइन ०.५, म्हणजे दोन्ही यानांना जोडणाऱ्या रेषेशी ६० अंशाच्या कोनात आकाशात एक वर्तुळ, स्रोत त्या वर्तुळावर कुठेतरी. तिसरं यान आलं की दुसरं वर्तुळ, दोन्ही जिथे छेदतात तिथे बघायचं. १९९४ पासून चालू असलेलं विंड यानावरचं कोनस हे उपकरण या कामात अजूनही मोलाचं आहे.

कालावधी मोजायला टी९० वापरतात. बॅकग्राउंड वजा केलेले काउंट सुरुवातीपासून बेरीज करत जा, एकूण बेरजेच्या ५ टक्के कुठे झाले आणि ९५ टक्के कुठे झाले, मधला वेळ म्हणजे टी९०. २ सेकंदांच्या आत तो आखूड, सहसा टकरीतून आलेला, आणि वर तो लांब, सहसा महाकाय तारा कोसळून झालेला. पण हा नियम डोळे झाकून लावू नका, तुम्ही पहिला घेतलेला ११ डिसेंबर २०२१ चा स्फोटच बघा ना, साधारण १३ सेकंद जोरदार, मग जरा दम घेऊन पन्नासएक सेकंदांपर्यंत चाललेला, कालावधीने सरळ लांब, आणि तरी त्याच्या मागे किलोनोव्हा नावाचा उजेड सापडला, जो न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची खूण मानला जातो.

फार तेजस्वी स्फोटात वेगळीच अडचण येते. ९ ऑक्टोबर २०२२ चा स्फोट इतका प्रखर होता की फर्मीचे डिटेक्टर तुंबले, फोटॉन एकावर एक आदळले की इलेक्ट्रॉनिक्सला ते वेगळे मोजता येत नाहीत. तेव्हा लाइटकर्व्हचा माथा कापल्यासारखा किंवा विचित्र खचलेला दिसला तर तो भाग मोजमापातून काढून टाका, खरा समजू नका. त्याच दिवशी जीआरबीअल्फा नावाच्या, जेमतेम १० सेंटिमीटर बाजूच्या घनाएवढ्या उपग्रहाने मात्र शिखर न तुंबता नोंदवलं, कारण त्याचा डिटेक्टर छोटा, त्यावर पडणारे फोटॉनच कमी.

स्विफ्ट दुर्बीण हे काम वेगळ्या पद्धतीने करते. डिटेक्टरच्या वर शिशाच्या हजारो तुकड्यांची जाळी आहे, तिची सावली कशी पडली त्यावरून ती जागा काही कोनीय मिनिटांपर्यंत काढते आणि मग दीडएक मिनिटाच्या आत स्वतः तिकडे वळते. या सगळ्यांच्या सूचना जीसीएन या जाळ्यावरून लगेच सुटतात, तुम्हीही त्या घेऊ शकता, दुर्बीण असलेले लोक त्यावरूनच मागे उरलेली चमक शोधतात.

हात बसला की मग ट्रिगर झालेल्या फाइली सोडा आणि अख्ख्या दिवसाचा डेटा घ्या. २०१२ च्या शेवटापासून प्रत्येक फोटॉनची नोंद अखंड ठेवलेली आहे, तासातासाच्या फाइली असतात, खूप मोठ्या, म्हणून सुरुवातीला ०.२५६ सेकंदांच्या आधीच मोजलेल्या फाइलींवर करा. यानावरचा कॉम्प्युटर बॅकग्राउंड फक्त मागच्या १७ सेकंदांच्या सरासरीवरून काढतो, त्यामुळे जो स्फोट हळूहळू चढतो तो बॅकग्राउंडलाच सोबत वर ओढतो आणि ट्रिगर होत नाही. आपल्याकडे मात्र पुढचा आणि मागचा दोन्ही डेटा असतो, तिथेच आपल्याला संधी आहे. अशा लांब मंद उसळीसाठी वक्र बसवण्यापेक्षा बरोबर ३० फेऱ्या आधीचा आणि ३० फेऱ्या नंतरचा त्याच डिटेक्टरचा डेटा काढा, तेव्हा यान साधारण त्याच जागेवर आणि त्याच दिशेला झुकलेलं असतं, दोन्हींची सरासरी घेऊन ती बॅकग्राउंड म्हणून वजा करा. काही उरलं तर ते दुसऱ्या डिटेक्टरवर त्याच वेळी आहे का ते बघा, आणि मग कोनसच्या किंवा स्विफ्टच्या यादीत ती तारीख काढा.